ॲनालॉग आउटपुट आणि ड्राइव्ह यांची जोडणी

पीएलसी किंवा तत्सम नियंत्रकाच्या ॲनालॉग आउटपुटवरून मोटरच्या ड्राइव्हला (व्हीएफडी) वेगाचा संदर्भ पुरवणारी जोडणी. संदेश सामान्यतः ०–१० व्होल्ट किंवा ४–२० मिलिॲम्पियर असतो. अंधेरी पूर्वेच्या एमआयडीसीतील गाळ्यांत, १९७३ साली सुरू झालेल्या सीप्झच्या परिसरात आणि आसपासच्या कार्यालयांच्या वातानुकूलनात पंप, पंखे व कन्व्हेयर यांच्यासाठी ही पद्धत उपयोगी पडते. पंप-पंख्यांत विजेची बचत हे मुख्य कारण : वेग ८० टक्क्यांवर आणला की लागणारी शक्ती साधारण निम्मी होते.

०–१० व्होल्टची जोडणी सोपी व स्वस्त. पॅनेलमधल्या पॅनेलमध्ये ती पुरते. अंतर वाढले की दोन टोकांच्या अर्थिंगमधील फरक संदेशात मिसळतो आणि मोटर डोलू लागते. करंट-संदेशाला तारेच्या रोधाचा फरक पडत नाही. शिवाय त्यात शून्य वेगालाही ४ मिलिॲम्पियर वाहतात, त्यामुळे तार तुटली की ड्राइव्हला ते ओळखता येते. व्होल्टच्या जोडणीत मात्र तुटलेली तार आणि ‘थांब’ ही आज्ञा सारखीच दिसते. एका आउटपुटवर दोन ड्राइव्ह चालवायचे तर व्होल्टचे इनपुट समांतर जोडतात, करंटचे एकसरीत. एकसरीत प्रत्येकी २५० ओहमचे दोन इनपुट २० मिलिॲम्पियरवर १० व्होल्ट मागतात; आउटपुटला तेवढे झेपते का, ते आधी पाहावे. दोन्ही ड्राइव्हचे कॉमन आतून अर्थला जोडलेले असतील, तर मध्ये सिग्नल आयसोलेटर लागतोच.

बहुतेक तक्रारी तारेतून नव्हे, सेटिंगमधून येतात. पीएलसी ०–२० वर आणि ड्राइव्ह ४–२० वर ठेवला, की निम्म्या वेगाच्या आज्ञेला १० मिलिॲम्पियर येतात आणि ड्राइव्ह ते ३७.५ टक्के समजतो. म्हणजे २५ हर्ट्झऐवजी १८.७५. मग पंपाला किंवा मोटरच्या बेअरिंगला दोष दिला जातो. अनेक ड्राइव्हवर व्होल्ट-करंट निवडीचा लहानसा स्विच किंवा जंपर असतो; पॅरामीटर बदलून तो विसरणे, हे नेहमीचेच. वेगाचा स्रोत आणि चालू-बंदचा स्रोत हे दोन वेगळे पॅरामीटर आहेत, हेही ध्यानात नसते.

केबल पीळ दिलेली, शील्ड असलेली घ्यावी. शील्ड साधारणतः एकाच टोकाला अर्थ करतात, तेही उत्पादकाच्या पुस्तिकेप्रमाणे. मोटरची केबल ट्रेमध्ये संदेशाच्या केबलसोबत टाकू नये : ड्राइव्हचे आउटपुट सेकंदाला हजारो वेळा उघडबंद होते. दोन्ही केबल एकमेकींना ओलांडणारच असतील, तर काटकोनात ओलांडाव्यात. जागेची टंचाई असलेल्या अंधेरीच्या गाळ्यांत या सूचनेवरच सर्वात आधी पाणी सोडले जाते.

नव्या कामांत मॉडबस किंवा इथरनेटवरून आज्ञा देणे वाढले आहे. त्यात ड्राइव्हचा करंट, दोष-क्रमांक आणि तापमानही परत वाचता येते.