घोडा जुंपण्यापूर्वी : उरण ते बोरघाट, लांबच्या वाटेच्या तयारीचा इतिहास

#थ्रेड

१/ न्हावा-शेवा बंदरातून कंटेनर घेऊन निघणाऱ्या ट्रेलरच्या पुढच्या भागाला, म्हणजे इंजिन आणि केबिन असलेल्या भागाला, वाहतूक व्यवसायात 'घोडा' म्हणतात. डिझेलवर चालणाऱ्या यंत्राला जनावराचे नाव मिळाले, कारण ओढणारा वेगळा आणि ओझे वेगळे ही जुनी रचना ट्रेलरने पुन्हा रस्त्यावर आणली. नवा घोडा लांबच्या खेपेसाठी सज्ज करताना जी तपासणी होते, तिच्या प्रत्येक पायरीमागे इतिहास आहे.

२/ कोकणातले मीठ घाटावर नेण्याचे काम दीर्घकाळ लमाणांच्या तांड्यांनी केले. ओझे बैलाच्या पाठीवर असे. चाकांना या चढावर फारसा वाव नव्हता. १० नोव्हेंबर १८३० रोजी मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या हस्ते बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला आणि मालाने भरलेल्या बैलगाड्या घाट चढू-उतरू लागल्या.

३/ या बदलाचा मोठा लाभ पनवेलला झाला. ठाणे जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटियरमध्ये पनवेलचा प्रमुख उद्योग म्हणून गाडीची चाके बनवण्याचा उल्लेख आहे. देशावरून येणारा गाडीवान परतताना इथून चाकांच्या एक-दोन जोड्या घेऊन जाई, असेही त्यात नमूद आहे. उरण-पनवेलच्या पट्ट्यात वाहनाच्या सज्जतेचा व्यवसाय इतका जुना आहे.

४/ चाकांवर एवढी भिस्त का? कोरड्या हवेत लाकूड आकसते, आरे खिळखिळे होतात आणि चाकावरची लोखंडी धाव सैल पडते. म्हणून निघण्यापूर्वी धाव ठोकून पाहणे, आसाला वंगण देणे आणि बैलांच्या ताकदीप्रमाणे ओझे ठरवणे ही कामे टाळता येत नसत. आज ट्रेलरच्या चाकांचे नट तपासले जातात, त्यामागचे भय तेच आहे. नव्या गाडीत तर पहिल्या काही अंतरानंतर हे नट पुन्हा आवळावे लागतात, कारण भार पडल्यावर भाग आपापल्या जागी बसतात.

५/ १८६३ साली बोरघाटातून रेल्वे सुरू झाली. तिथला कमाल चढ ३७ फुटांना १ फूट. आजही कर्जतहून लोणावळ्याकडे जाणाऱ्या अनेक गाड्यांना मागून जादा इंजिने लावावी लागतात. उतारावर आवरता न आलेली गाडी वळवण्यासाठी चढाचे आडमार्गही बांधले गेले. घाटात ओढण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, थांबवणे अवघड असते, हे रेल्वेने या डोंगरात अनुभवले.

६/ थांबवण्याचा प्रश्न अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाऊस यांनी हाती घेतला. १८६९ साली त्यांनी हवेच्या दाबावर चालणारा ब्रेक आणला. त्यात एक धोका होता : नळी फुटली की ब्रेकच निकामी. पुढे १८७२ च्या सुधारणेत तत्त्व उलटे केले गेले. दाब गेला की ब्रेक आपोआप लागावा, अशी ती योजना होती. घोड्यापासून ट्रेलरकडे जाणाऱ्या हवेच्या नळ्यांमागे हेच तत्त्व आहे. म्हणून खेपेपूर्वी गळती ऐकली जाते, दाबाचा काटा पाहिला जातो आणि हवेच्या टाकीत साचलेले पाणी काढले जाते.

७/ ओढण्याची ताकद रुडॉल्फ डिझेल यांच्या इंजिनाने दिली. त्यांचे यशस्वी इंजिन १८९७ सालचे. त्यात ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच इंधन पेटते. भारतात टाटा आणि डेमलर-बेंझ यांच्या कराराखाली १९५४ साली जमशेदपूरला ट्रक तयार होऊ लागले आणि डिझेल ट्रक हळूहळू महामार्गाचे नेहमीचे वाहन झाला.

८/ या इंजिनाची एक मर्यादा घाटात जाणवते. पेट्रोल इंजिनाप्रमाणे त्यात हवा रोखणारी झडप सहसा नसते, त्यामुळे पाय उचलल्यावर गाडी तितकीशी आवरत नाही. म्हणून धूर बाहेर पडण्याची वाट अडवून वेग धरणारा एक्झॉस्ट ब्रेक आला. लांब उतारावर त्याच्या जोडीला खालचा गिअर लागतो. चाकांचे ब्रेक सतत दाबून धरले तर ते तापतात आणि ऐन वळणावर दगा देतात.

९/ ओझ्याचा इतिहास समुद्रातून आला. २६ एप्रिल १९५६ रोजी 'आयडियल एक्स' हे जहाज ५८ पेट्या घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघाले. माल्कम मॅकलीन या ट्रकव्यावसायिकाची ती कल्पना होती. पुढे पेट्यांची मापे जगभर एकसारखी झाली. २० आणि ४० फूट ही त्यांतली रूढ मापे. एकच पेटी जहाजावर, रेल्वेवर आणि ट्रेलरवर चढू लागली.

१०/ २६ मे १९८९ रोजी न्हावा-शेवा येथील बंदर कार्यान्वित झाले आणि मिठागरांचा, भातखाचरांचा उरण तालुका कंटेनरच्या जगाशी जोडला गेला. मात्र या परिसराच्या कायापालटाची किंमत स्थानिकांनी आधीच मोजली होती. नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढणाऱ्या शेतकऱ्यांवर १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी गोळीबार झाला. त्यात पाच जण हुतात्मे झाले. साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना या लढ्याचे फलित मानली जाते. जासईवरून पळस्प्याकडे धावणारा ट्रेलर त्याच भूमीतून जातो.

११/ आता जुंपणीकडे येऊ. घोड्याच्या पाठीवर 'फिफ्थ व्हील' नावाची खाचेची जाड तबकडी असते. ट्रेलरखालचा किंगपिन तिच्या खाचेत अडकतो. हे 'पाचवे चाक' नाव चारचाकी घोडागाडीतून आले : पुढचा आस वळावा म्हणून त्यावर एक आडवे चक्र बसवत. आजची रीत अशी : घोडा हळू मागे घ्यायचा, कुलूप बसल्याचे डोळ्यांनी पाहायचे, ट्रेलरचे ब्रेक धरून घोडा किंचित पुढे ओढायचा आणि जोड पक्का ठरल्यावरच ट्रेलरचे पाय पूर्ण वर घ्यायचे. कंटेनरच्या चारही कोपऱ्यांची कुलपे त्यानंतर पुन्हा तपासायची. जोड सुटला, तर इंजिन कितीही नवे असले तरी व्यर्थ.

१२/ नव्या इंजिनाची शिस्त वेगळी. सुरुवातीच्या प्रवासात भार बेताचा ठेवायचा, इंजिन फार रेटायचे नाही, तेल आणि पाणी वारंवार पाहायचे. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ ट्रकमध्ये आणखी एक टाकी आली. तिच्यात ३२.५ टक्के युरियाचे द्रावण असते आणि ते धुरातील घातक नायट्रोजन ऑक्साइड कमी करते. वजनाची मर्यादाही बदलली : २०१८ साली ट्रेलरसाठीची कमाल मर्यादा ४९ टनांवरून ५५ टनांवर गेली.

१३/ या यादीत चालक कुठे बसतो? १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला ८ तासांची मर्यादा घातली. लांबच्या मार्गांवर मंजुरीने ती १० तासांपर्यंत नेता येत असे. मात्र हा कायदा मुळात पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायांसाठी होता. एक-दोन गाड्यांच्या मालकाकडे काम करणारा चालक त्याच्या कक्षेबाहेर राहिला, आणि आपल्याकडील ट्रकव्यवसायात असे छोटे मालक फार मोठ्या संख्येने आहेत.

१४/ बैलगाडीच्या काळात थकवा उघड दिसत असे. बैल थकला की गाडी थांबे, आणि बैलाबरोबर गाडीवानालाही विसावा मिळे. डिझेल इंजिनाला झोप लागत नाही. त्याला तेल, पाणी आणि युरिया दिला की ते रात्रभर चालते. त्यामुळे सारा थकवा केबिनमधल्या एका माणसाच्या वाट्याला आला, आणि तो मोजणारा काटा गाडीच्या फळीवर नाही.

१५/ म्हणून घाट चढण्यापूर्वीच्या तपासणीत चाक, हवा, जोड, कुलपे आणि कागदपत्रे यांच्या बरोबरीने चालकाची झोप मोजली गेली पाहिजे. उरणच्या रस्त्यालगतची गावे आणि घाटातले सहप्रवासी यांची सुरक्षितता त्याच झोपेवर अवलंबून असते. पनवेलच्या गाडीवानाचे बैल जे काम न सांगता करत, ते आता नियमाने आणि मालकाच्या विवेकाने करावे लागेल.

(समाप्त)