शेपटीचा उंदीर आणि बिनशेपटीचा

कन्नड तालुक्यातले एक मुख्याध्यापक मध्यंतरी आमच्या छत्रपती संभाजीनगरात खरेदीला आले होते. शाळेत दहा संगणक. त्यांचे कळफलक आणि माऊस पार झिजलेले. दुकानदाराने दोन जोड पुढ्यात ठेवले, एक तारेचा, एक बिनतारी. गुरुजी मला म्हणाले, "इतिहासाचे मास्तर ना तुम्ही? सांगा, यातला कोणता घेऊ?" प्रश्न बाजाराचा होता खरा, पण उत्तराला इतिहासाचा आधार सापडला.

'बिनतारी' हा शब्द आपल्याकडे जुनाच. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले, आणि त्याच वर्षी खडकी व दौंड येथील केंद्रांमार्फत इंग्लंडशी बिनतारी संदेशांची ये-जा सुरू झाली. समुद्रातळाशी तारा टाकणाऱ्या कंपन्यांचे धाबे दणाणले! तरी त्या तारा कोणी उपटून फेकल्या नाहीत. १९२९ साली तार आणि बिनतारी या दोन्ही व्यवस्था एकाच कंपनीच्या छत्राखाली आल्या.

माऊसचे तर नावच तारेवरून पडले. अमेरिकेत डग्लस एंगलबार्ट आणि बिल इंग्लिश यांनी १९६४ च्या सुमारास लाकडी ठोकळ्याला दोन चाके बसवून तो घडवला. तार शेपटीसारखी दिसे, म्हणून उंदीर. पुढे शेपटी गेली, नाव मात्र राहिले.

पण गुरुजींच्या कामाची गोष्ट कळफलकाची आहे. १९८४ साली आयबीएम कंपनीचा 'पीसी ज्युनियर' हा घरगुती संगणक विक्रीला आला. त्याचा कळफलक बिनतारी, डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांवर चालणारा, पोटात चार पेन्सिल सेल. ऐकायला झकास! पण मध्ये काही आडवे आले की अक्षर पोचेना, आणि एकाच खोलीत असे दोन संगणक असले तर एकाचे टंकन दुसऱ्यात घुसे. वर्गात ही पंचाईतच की हो! कंपनी जोडायची तारही वेगळी विकत असे. ती लावली की सेलची गरज उरत नसे. पुढच्याच वर्षी ते यंत्र बंद झाले, अर्थात कारणे आणखीही पुष्कळ होती.

आजचे बिनतारी कळफलक रेडिओलहरींवर चालतात, आडोशाला अडत नाहीत, आणि प्रत्येकाचा ग्राहक, म्हणजे संगणकाला खोचायचे ते बोटाच्या पेराएवढे बोंडूक, ठरलेला असतो. पण तार दोन कामे करी: अक्षरही नेई आणि वीजही आणी. तार काढली की विजेचे काम सेलवर येते. दहा कळफलक, दहा माऊस, म्हणजे वीस ठिकाणचे सेल बदलायचे, तेही शाळेच्या सादिलातून! शिवाय २०१६ साली संशोधकांनी दाखवून दिले, की काही बिनतारी माऊस-कळफलकांच्या ग्राहकांना दुरूनही खोट्या कळा पाठवता येतात. विद्यार्थ्यांची माहिती आणि पासवर्ड जिथे भरायचे, तिथे मला तरी तारच बरी वाटते. हां, पडद्यावर चित्रे दाखवत वर्गभर फिरून शिकवायचे असेल, तर तिथे तार पायात येते.

गुरुजींनी नऊ जोड तारेचे घेतले, एक बिनतारी. निघताना दुकानदाराकडून चिकटपट्टीचा तुकडा मागून घेतला आणि त्या बोंडकावर शाळेचे नाव लिहून चिकटवले.