राजी : ॲन एन्शन्ट एपिक

पुण्यातील ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या संस्थेने निर्माण केलेला, हिंदू पुराणकथांच्या आधारावर रचलेला, अद्भुतरम्य युद्धप्रधान व्हिडिओ गेम. हा खेळ १८ ऑगस्ट २०२० रोजी निन्टेन्डो स्विच या यंत्रावर प्रथम प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये संगणक, प्लेस्टेशन ४ व एक्सबॉक्स वन यांवर उपलब्ध झाला. श्रुती घोष, अविचल सिंग व इयन मॉड हे संस्थेचे संस्थापक होत. २०१७ साली किकस्टार्टरवर लोकवर्गणीचा प्रयत्न झाला, पण तो उद्दिष्टापर्यंत पोहोचला नाही. तरीही हे काम तडीस गेले, ही बाब भारतीय खेळनिर्मितीच्या इतिहासात आवर्जून नोंदवावी अशी आहे.

ज्या परंपरेत या खेळाचे स्थान ठरवावयाचे, तीत पाश्चात्त्य व जपानी कल्पनेने अग्निमुखी, सपक्ष व्याल (ड्रॅगन) आणि त्याच्या पाठीवर आरूढ झालेला वीर यांना फार मोठा मान दिला आहे. सेगा सॅटर्नवरील ‘पॅन्झर ड्रॅगून’ (१९९५), संगणकावरील ‘ड्रॅकन : ऑर्डर ऑफ द फ्लेम’ (१९९९) आणि प्लेस्टेशन ३ वरील ‘लेअर’ (२००७) ही त्याची ठळक उदाहरणे. यांपैकी ‘लेअर’मध्ये हाती धरलेले नियंत्रक यंत्र कलवून व्याल वळवावा लागे, ते खेळाडूंना इतके जाचक वाटले, की पुढे निर्मात्यांना नेहमीच्या दांडीने खेळण्याची सोय मागाहून पुरवावी लागली. ‘ड्रॅकन’शी मात्र ‘राजी’चे साम्य लक्षणीय आहे. तेथे रिन नावाची तरुणी पळवून नेलेल्या धाकट्या भावाच्या शोधात निघते व एरॉक नामक व्यालाशी तिची गाठ पडते. येथे असुरांनी हरण केलेल्या गोलू या धाकट्या भावासाठी राजी घराबाहेर पडते. बीज एकच, परंतु रिनला वाहन मिळते, तर राजीला आयुध. आपल्या पुराणांत सिंह, गरुड, मयूर ही वाहने देवतांची असतात. मनुष्याने त्यांवर बसावे अशी कल्पना सहसा कोणी करीत नाही. देवता प्रसन्न झाली तर ती भक्ताच्या हाती शस्त्र देते, आणि पुढची वाट त्याने आपल्या पायांनी चालावयाची असते. ‘राजी’ची सारी रचना या एका भेदातून निघाली आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

कथेप्रमाणे देव-दानवांच्या पुरातन युद्धानंतर दीर्घकाळ शांतता नांदते व माणसे असुरांना विसरतात. त्याच बेसावध घटकेला असुर पुन्हा चालून येतात. दुर्गा राजीस त्रिशूळ देते, पुढे धनुष्य व ढाल-तलवार ही आयुधेही तिला प्राप्त होतात, आणि दुर्गा व विष्णू यांच्या संवादातून कथानक उलगडत जाते. कसरतीत तरबेज असलेली ही पोर भिंतीवरून धावत जाऊन उलटी उसळी घेते व खाली येता येता त्रिशूळ शत्रूवर उतरवते, किंवा खांबाला विळखा घालून गरकन फिरत सभोवतालच्या असुरांना एका फेऱ्यात लोळवते. लढाईच्या मधल्या विसाव्यात मंडलाकृती चक्रे फिरवून खंडित चित्रे जुळवावयाची असतात, भित्तिचित्रांसमोर थांबून देवकथा ऐकावयाच्या असतात. कथाभागातील काही प्रसंग छायाबाहुल्यांच्या रीतीने दाखविले आहेत. वास्तू राजस्थानी धाटणीच्या, रंग व रेषा पहाडी चित्रशैलीच्या. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणातील तटबुरुजांचा मुलूख ज्याच्या डोळ्यांत भरला आहे अशा मराठी खेळाडूस हा परिसर देखणा पण पाहुण्याच्या घरचा वाटतो.

कोल्हापूरच्या माणसाला मात्र या खेळातील मध्यवर्ती प्रतिमा परकी नाही. आश्विन शुद्ध पंचमीस अंबाबाईची पालखी टेंबलाईच्या टेकडीवर त्र्यंबोलीच्या भेटीस जाते. असुरवधात साहाय्य करूनही विजयोत्सवाचे निमंत्रण न आल्याने त्र्यंबोली रुसून शहराकडे पाठ करून बसली, आणि तिची समजूत घालण्यास स्वतः अंबाबाई गेली, अशी ही कथा. त्या दिवशी गुरव घराण्यातील एक कुमारिका हाती त्रिशूळ घेऊन असुराचे प्रतीक मानलेला कोहळा फोडते, आणि त्याचा तुकडा मिळावा म्हणून भाविकांची एकच झुंबड उडते. देवीने असुर मारला हे तर सर्वत्र सांगतात. त्या वधाचा त्रिशूळ एका लहानशा मानवकन्येच्या मुठीत देण्याचे धारिष्ट कोल्हापूरच्या लोकाचाराने फार पूर्वी दाखविले. ‘राजी’च्या निर्मात्यांना हा विधी ठाऊक होता असे येथे सुचवावयाचे नाही. लोकमानसाने आणि आधुनिक कलावंतांनी निरनिराळ्या वाटांनी एकाच चित्राशी येऊन पोहोचावे, याचे महत्त्व उसनवारीपेक्षा अधिक आहे.

खेळाचे स्वागत संमिश्र पण आस्थेचे झाले. चित्ररचना आणि लिनोस त्झेलोस या संगीतकाराचे भारतीय वाद्यध्वनींना पाश्चात्त्य वाद्यमेळाची जोड देणारे संगीत यांची समीक्षकांनी मनापासून वाखाणणी केली; २०२० च्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये सर्वोत्तम पदार्पणाच्या नामांकनयादीत या खेळाचा अंतर्भाव झाला. तक्रारी मुख्यतः तीन प्रकारच्या. चित्रण दुरून व ठरावीक कोनातून होत असल्याने उडीचे अंतर चुकते व झुंजीत हुकूम आणि हालचाल यांचा मेळ कधीकधी बिघडतो. चार-पाच तासांत खेळ आटोपतो. आणि शेवट इतका अकस्मात येतो, की कथा मध्येच तोडल्यासारखी वाटते. यांपैकी शेवटची तक्रार सर्वांत रास्त आहे, कारण ज्या बहीण-भावाच्या ओढीवर खेळाडूने एवढा जीव लावला, त्या ओढीची फेड त्याला मिळत नाही. लांबीविषयीची तक्रार तेवढी ग्राह्य धरता येत नाही. अल्प मनुष्यबळाच्या संस्थेने पसरट पन्नास तासांऐवजी घोटीव चार तास द्यावेत, हेच उचित.

भारतीय खेळाडूंच्या प्रतिसादाला आणखी एक पदर होता. लहानपणापासून परदेशी सरदार, सामुराई व व्याल यांच्या वतीने लढत आलेल्या पिढीला आपल्यासारखे नाव असलेली मुलगी नायिका म्हणून लाभली, याचे अप्रूप मोठे होते. पण तीच मुलगी आणि साक्षात दुर्गा इंग्रजीत बोलू लागल्यावर अनेकांचा विरस झाला. २०२२ च्या सुधारित आवृत्तीत हिंदी संवाद समाविष्ट करून व प्रकाशयोजना नव्याने बांधून निर्मात्यांनी या आक्षेपाची दखल घेतली.