घोरपड, पत्र आणि मढेघाट

मुलांसाठी ऐतिहासिक रहस्यकादंबरी म्हटली की तळघर, खजिना आणि अर्धा फाटलेला नकाशा हवाच, असं आपण धरून चालतो. महाड-पोलादपूरच्या मुलांना त्याची गरज नाही. पोलादपूर तालुक्यातल्या उमरठला तानाजी मालुसऱ्यांची समाधी आहे. रहस्य तिथूनच सुरू होतं.

गोष्ट आपल्याला पाठ आहे. मुलगा रायबा याचं लग्न बाजूला ठेवून मित्रासाठी कोंढाण्यावर गेलेला बाप. ४ फेब्रुवारी १६७० ची रात्र. पण पुरावे मांडायला बसलं की गंमत होते. घोरपड पोवाड्यात आहे. सभासदाच्या बखरीत मात्र वानरासारखे कडा चढणारे दोन मावळे आहेत, घोरपड नाहीच. सिंह गेला म्हणून सिंहगड म्हणावं, तर शिवाजी महाराजांच्या १६६३ च्या पत्रातच ‘सिंहगड’ हे नाव येतं, म्हणजे तानाजी पडण्याच्या सात वर्षं आधी! हरिभाऊ आपट्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीनं नावाची ती कथा घरोघर पोचवली.

मग उमरठचं एखादं पोर विचारणार, “म्हणजे आमच्या आजीनं सांगितलेलं खोटं?”

इथे कादंबरीकाराची परीक्षा आहे. ‘खोटं’ आणि ‘सिद्ध न झालेलं’ यांत फरक असतो, हे तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही वर्षानुवर्षं सांगत आलो. मुलांना तो फरक मोठ्यांपेक्षा लवकर कळतो. केळदहून महाडच्या बाजूला उतरणारा मढेघाट घ्या. तानाजींचा देह याच वाटेनं गावी आणला, म्हणून हे नाव पडलं, असं लोक सांगतात. हा कागदोपत्री पुरावा नव्हे. पण आपलं माणूस परक्या मातीत राहू नये, एवढा कडा उतरून त्याला घरी आणावं, असं लोकांना पिढ्यान्‌पिढ्या वाटत आलं, याचा तो पुरावा आहेच.

घोरपड गेली, नावाची कथा गेली, तरी काय उरतं ते बघा. तानाजी गेला हे ऐकून महाराज फार कष्टी झाले, हे सभासद नोंदवतो. मैत्री पोवाड्यातही आहे आणि बखरीतही आहे.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच, की मुलांच्या हाती उत्तर देऊ नका. पोवाडा, बखर आणि पत्र शेजारी शेजारी ठेवा. आजीला विचारायलाही पाठवा. शोध ती स्वतःच घेतील.