नीरोने रोम जाळले, यवतमाळने सीडी

इसवी सन २००० नंतरच्या दशकात यवतमाळ, पुसद, वणी, दारव्हा अशा गावांत एक नवा उद्योग उभा राहिला: ‘सीडी राइट करून मिळेल’. फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीतला एक संगणक लग्ने, बारसे, भजने, गॅदरिंग असे सारे तबकडीवर उतरवत असे. २००२ पासून एमएस-सीआयटीमुळे संगणक तालुक्यापर्यंत पोहोचला होता. कोऱ्या सीडीची किंमतही उतरत गेली; त्यात नोएडाच्या मोझर बेअर या कंपनीचा मोठा वाटा होता.

या उद्योगाचे सर्वांत मोठे दुखणे होते वाया गेलेली सीडी. पट्टी नव्वद टक्क्यांवर यायची, पडद्यावर त्रुटीचा संदेश झळकायचा आणि तबकडी उरायची ती चहाचा कप ठेवण्यापुरती.

असे का होई, हे कळण्यासाठी १९८८ मध्ये जावे लागते. त्या वर्षी जपानच्या तायो युडेन कंपनीने एकदाच लिहिता येणारी सीडी तयार केली. तिच्यात सेंद्रिय रंगाचा एक पातळ थर असतो. लेझर त्या थरावर भाजल्यासारख्या खुणा उमटवतो; ‘बर्न’ हा शब्द म्हणूनच सार्थ आहे. जर्मनीतल्या एका कंपनीने आपल्या सॉफ्टवेअरला ‘नीरो बर्निंग रॉम’ असे नाव दिले, त्यामागे रोम जळताना पाहणाऱ्या सम्राटाची कोटी होती. यवतमाळच्या किती दुकानदारांना ती उमगली असेल, हा प्रश्न वेगळा.

खुणांची ही रेघ मध्यापासून काठाकडे जाणारी, अखंड असते. लेझरला वाटेत थांबून श्वास घेण्याची सोय नव्हती. म्हणून माहितीचा एक लहान साठा, ‘बफर’, ड्राइव्हमध्ये ठेवलेला असे. आठपट वेगाने लिहिताना सेकंदाला सुमारे १.२ एमबी माहिती लागते. म्हणजे २ एमबीचा साठा दोन सेकंदांतच संपतो. तेवढ्यात अँटिव्हायरसने डोके वर काढले किंवा स्क्रीनसेव्हर सुरू झाला की साठा रिकामा, रेघ तुटली, तबकडी बाद. ‘बफर अंडररन’ तो हाच. २००० मध्ये सान्यो कंपनीने ‘बर्न-प्रूफ’ तंत्र आणले. त्याने लेझर थांबवून तुटलेल्या जागेपासून लेखन पुन्हा जोडता येऊ लागले.

वीज गेली, तर मात्र हे तंत्रही हतबल. २००५ नंतरच्या भारनियमनाने ग्रामीण महाराष्ट्र तासन्‌तास अंधारात असे. तेव्हा यूपीएस ही चैन नव्हती, दुकानाची गरज होती, आणि सीडी कधी लावायची हे भारनियमनाचे वेळापत्रक ठरवत असे.

दुसरा शत्रू धूळ. लेखनाआधी ड्राइव्ह तबकडीच्या आतल्या राखीव पट्ट्यावर लेझरची ताकद अजमावून पाहते. भिंगावर धूळ साचली, लेझर थकला किंवा तबकडीचा रंग हलका निघाला, तर ‘पॉवर कॅलिब्रेशन एरर’ येते. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांकडे झुकणाऱ्या, कापसाच्या या जिल्ह्यात धुळीला तोटा नव्हता. जाणते लोक वेग कमी करीत, दुसऱ्या कंपनीची तबकडी लावून पाहत. मग भिंग पुसत आणि शेवटी ड्राइव्ह बदलत.

सर्वांत फसवी अडचण विंडोज एक्सपीत होती. वाचनात वारंवार चुका आल्या की ही प्रणाली ड्राइव्हला गुपचूप ‘डीएमए’वरून संथ ‘पीआयओ’ पद्धतीवर उतरवी. मग सगळा भार प्रोसेसरवर पडे आणि चांगल्या सीडीही बिघडत. खरा उपाय केबल तपासून डिव्हाइस मॅनेजरमधून तो आयडीई चॅनेल काढून संगणक पुन्हा सुरू करणे हा होता. लोक मात्र सीडीच्या कंपनीला शिव्या घालत.

पण जी सीडी ‘यशस्वी’ झाली, तिचे पुढे काय? लिहून झाल्यावर पडताळणी करायला कोणाला वेळ नसे. सीडीचा माहितीचा थर छापील बाजूच्या वार्निशाखाली अगदी लगत असतो. त्यावर बॉलपेनने नाव लिहिले, वधूवरांचे गुळगुळीत स्टिकर चिकटवले, की घाव थेट आठवणींवर. ऊन आणि उष्णता तो रंग हळूहळू फिकट करतात. चित्रणाच्या मूळ टेप पुढच्या लग्नासाठी बहुधा पुसल्या गेल्या. त्यामुळे अनेक घरांत ती सीडी हीच एकमेव प्रत उरली.

याच यवतमाळात डॉ. य. खु. देशपांडे यांच्या शारदाश्रमाने महानुभावांच्या जुन्या पोथ्या जपल्या. शतकांपूर्वीची ती शाई आजही वाचता येते. त्यापुढे वीस वर्षांपूर्वीची लग्नाची सीडी तरुण म्हणावी अशी. आज ती वाचायची, तर चालू ड्राइव्ह शोधावी लागते. नव्या लॅपटॉपमध्ये ती नसतेच. जुन्या संगणकाच्या ड्राइव्हने न वाचलेली तबकडी कधीकधी दुसऱ्या कंपनीची ड्राइव्ह, सावकाश वेगाने, वाचते. मोझर बेअर २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेतून विसर्जनात निघाली. कपाटातल्या तबकड्या मात्र अजून बऱ्याच घरांत आहेत, आणि त्यांतला रंग दर उन्हाळ्यात थोडा उडतो आहे.