उंचावलेल्या जीपचे स्टिअरिंग

माळशिरस तालुक्यातील श्रीपूर हे ऊस आणि साखरेचे गाव. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या बृहन् महाराष्ट्र शुगर सिंडिकेटच्या कारखान्यामुळे त्याचे नाव सर्वदूर झाले. पांडुरंग सहकारी साखर कारखानाही येथेच आहे. गळीत हंगामात उसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या काळ्या मातीच्या शेतरस्त्यांवर खोल चाकोऱ्या पाडतात. दोन चाकोऱ्यांमधला उंचवटा वाळून कडक झाला, की साध्या मोटारीचे पोट त्यावर घासते. अशा वाटांवर जीप, जिप्सी, थार किंवा जिम्नी बाळगणाऱ्याला गाडी आणखी दोन इंच उचलून घेण्याचा मोह झाला, तर त्यात नवल नाही. मात्र, उंची वाढविण्याचे काम एका दिवसात उरकते आणि बिघडलेली स्टिअरिंगची भूमिती दुरुस्त करणे बहुधा राहून जाते. त्याचा प्रत्यय शेतात येत नाही. तो पुणे-सोलापूर महामार्गावर ताशी ऐंशी किलोमीटरच्या वेगाला येतो.

प्रथम एक गैरसमज दूर करायला हवा. पुढे-मागे अखंड धुरा असलेल्या गाडीत स्प्रिंग उंच केल्याने चेसी वर जाते, धुऱ्याच्या मध्यभागी असलेला डिफरन्शियलचा गोळा मात्र होता तेथेच राहतो. चाकोरीतला उंचवटा नेमका त्यालाच लागतो. तो वर न्यायचा तर टायरचा व्यास वाढवावा लागतो. व्यास ५० मिलिमीटरने वाढला तर गोळा २५ मिलिमीटर वर जातो. स्प्रिंग उचलण्याचा उपयोग मोठ्या टायरला जागा करून देणे आणि चेसी, पायदान, बंपर वाचविणे एवढाच. गरज कशाची आहे हे आधी ठरविले, तर पुष्कळांचा निम्मा खर्च वाचेल.

आता मूळ प्रश्न. पुढचे चाक ज्या आसाभोवती वळते, तो आस बाजूने पाहिल्यास वरच्या टोकाला किंचित मागे झुकलेला असतो. या कलाला कॅस्टर म्हणतात. सायकल हात सोडून सरळ चालविता येते, त्यामागे पुढच्या चिमट्याच्या अशाच तिरपेपणाचा मोठा वाटा असतो. मोटारीतही वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ होते ते प्रामुख्याने कॅस्टरमुळे. तो कमी झाला की गाडी रस्त्यावर भरकटते आणि चालकाला सतत लहान लहान दुरुस्त्या करीत राहावे लागते.

जिम्नीसारख्या गाडीत पुढचा धुरा दोन लांब दांड्यांनी चेसीला जोडलेला असतो. चेसी वर गेली की दांड्या खाली कलतात आणि त्यांच्याबरोबर धुराही फिरतो. दांडी ७०० मिलिमीटर लांब आणि उंची ५० मिलिमीटरने वाढविली, असे उदाहरणादाखल धरले, तर धुरा सुमारे चार अंशांनी फिरेल. मुळात कॅस्टर तीन-चार अंशच असेल, तर तो जवळपास सगळाच गेला. यावर उपाय म्हणजे मध्यापासून सरकवलेल्या छिद्राचे बुश, दुरुस्त कोनाच्या दांड्या किंवा दांड्यांचे चेसीकडील टोक खाली आणणारे ब्रॅकेट. बुश स्वस्त असले तरी त्यांची दुरुस्ती एक-दोन अंशांपुरतीच. ब्रॅकेट चांगले काम देतात. पण मिळविलेली उंची त्यांच्यापाशी थोडी गमवावी लागते.

जुन्या महिंद्र जीप आणि १९८५ मध्ये आलेली मारुती जिप्सी यांची गोष्ट निराळी. त्यांना पाटे असतात. अधिक कमानीचे पाटे बसविल्यास कॅस्टर फारसा बदलत नाही. मात्र, स्वस्तात काम व्हावे म्हणून लांब शॅकल लावल्यास पाटाच तिरपा होतो. शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असेल तर कॅस्टर घटतो, मागच्या टोकाला असेल तर वाढतो. दुरुस्तीसाठी पाटा आणि धुरा यांच्यामध्ये पाचर बसवितात. तिचे जाड टोक उलट दिशेला गेले तर दोष दुप्पट होतो, म्हणून आधी कोन मोजणे अटळ. शिवाय कॅस्टर परत आणण्यासाठी धुरा फिरविला, की पिनियनचे तोंड खाली जाते आणि पुढच्या प्रोपेलर शाफ्टच्या सांध्याचा कोन वाढतो. चारचाकी ओढ जोडल्यावर घरघर ऐकू आली, तर येथेच पाहावे. दोन्ही कोन मनासारखे जुळणे अवघडच. मध्यम उंचीवर समाधान मानणे शहाणपणाचे.

दुसरा दोष ड्रॅग लिंकचा. स्टिअरिंग बॉक्सच्या पिटमन आर्मपासून चाकाकडे जाणारी ही दांडी शक्यतो आडवी असावी लागते. गाडी उचलल्यावर ती तिरपी होते. मग खड्ड्यात चाक वर-खाली झाले, की स्टिअरिंगला हातही न लावता चाक वळते. स्प्रिंग कॉइलची असेल तेथे धुरा आडवा सरकू नये म्हणून पॅनहार्ड रॉड असतो. ड्रॅग लिंक आणि हा रॉड एकमेकांना समांतर आणि जवळपास सारख्या लांबीचे असले, तर दोन्ही एकाच वर्तुळखंडात फिरतात आणि झटका बसत नाही. सर्वाधिक चुका येथेच होतात. केवळ खाली वाकवलेला पिटमन आर्म लावून ड्रॅग लिंक आडवी केली आणि पॅनहार्ड रॉड तिरपाच ठेवला, तर समांतरपणा मोडतो आणि दोष पूर्वीपेक्षा वाढतो. दोन्हींची चेसीकडील टोके सारखीच खाली आणावीत, नाहीतर दोन्हींना हात लावू नये.

उंचीमुळे पॅनहार्ड रॉड धुऱ्याला आडवेही ओढतो. रॉड ८०० मिलिमीटरचा आणि त्याच्या टोकांमधील उंचीचा फरक १०० वरून १५० मिलिमीटर झाला, तर धुरा सुमारे ८ मिलिमीटर बाजूला सरकतो. लांबी कमी-जास्त करता येणारा रॉड लावून तो मध्यावर आणता येतो.

२०१० च्या थारला पुढे टॉर्शन बार, तर २०२० च्या थारला कॉइल. दोहोंतही पुढची चाके स्वतंत्र निलंबनावर आहेत. येथे उंचीबरोबर कॅम्बर आणि टो दोन्ही बदलतात, ड्राइव्ह शाफ्टच्या सांध्यांना अधिक कोनात फिरावे लागते आणि वरच्या बॉल जॉइंटची हालचाल टोकाला पोहोचते. टॉर्शन बार पिळून मिळणारी उंची फुकटची वाटते; प्रत्यक्षात चाकाची खाली जाण्याची मोकळीक तेवढीच कमी होते आणि गाडी प्रत्येक खड्ड्यात आदळते.

काम कोणत्या क्रमाने करावे, यालाही महत्त्व आहे. सर्व बुश गाडी चाकांवर उभी असतानाच आवळावेत. लिफ्टवर टांगलेल्या अवस्थेत आवळल्यास रबर कायमचे पिळलेले राहते. थोडे चालवून स्प्रिंग बसू द्यावी, मग यू-बोल्ट पुन्हा आवळावेत. आधी कॅस्टर, मग धुऱ्याचा मध्य, त्यानंतर ड्रॅग लिंकची लांबी बदलून स्टिअरिंग सरळ करणे आणि सर्वांत शेवटी टो. अलाइनमेंटच्या दुकानात बहुधा फक्त टो पाहिला जातो, म्हणून कॅस्टरचा आकडा कागदावर मागून घ्यावा. ब्रेकचे होज पूर्ण वळणावर आणि चाक पूर्ण खाली असताना ताणले जात नाहीत ना, हेही तपासावे.

एखाद्या खड्ड्यानंतर पुढची चाके जोराने थरथरू लागली आणि वेग कमी केल्याशिवाय थांबेनात, तर स्टिअरिंग डॅम्पर बदलण्याची घाई करू नये. डॅम्पर दोष झाकतो. झिजलेला किंगपिन, टाय रॉडचे टोक, पॅनहार्डचा ढिला बोल्ट किंवा चुकीचा कॅस्टर, यांपैकी काहीतरी मुळाशी असते.

कायद्याचा भागही ध्यानात घ्यावा लागेल. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल, असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मधील निकालात हीच भूमिका घेतली. अपघातानंतर विमा कंपनी असा बदल पुढे करून दावा अडवू शकते. तेव्हा पाटे आणि स्प्रिंगा विकत घेण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालय आणि विमा कंपनी, दोघांकडूनही लेखी उत्तर घ्यावे.