किल्ली नसलेलं कुलूप

आमच्या शाळेतल्या एका जुन्या संगणकावर विंडोजही आहे आणि लिनक्सही. जिवतीच्या डोंगरावर वीज आणि नेट दोन्ही येऊन-जाऊन असतात, त्यामुळे त्यावर कित्येक वर्षांत एकही अपडेट चढलेलं नाही. परवा मी त्यात माझ्या जुन्या प्रश्नपत्रिका शोधल्या. उर्दूची एकही उघडली नाही. त्या विकत घेतलेल्या एका प्रोग्राममध्ये टाइप केल्या होत्या. संगणकाला एक छोटी किल्ली लावल्याशिवाय तो सुरूच होत नसे, आणि ती किल्ली केव्हाच हरवली. मराठीच्या मात्र सगळ्या उघडल्या, जोडाक्षरांसकट. त्या लिनक्सवर ‘लोहित देवनागरी’ फाँटमध्ये होत्या.

लोहित म्हणजे तांबडा. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने दिलेले हे फाँट रेड हॅट कंपनीने २००४च्या सुमारास मुक्त परवान्याखाली आणले. कुणीही वापरावेत, तपासावेत, सुधारावेत, वाटावेत. २०११ साली ते ओपन फाँट लायसन्सखाली आले.

पण फाँट खुला असणं एवढंच पुरेसं नव्हतं. त्याआधीचे बरेच मराठी फाँट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरं बसवत, आणि तीही प्रत्येकाची वेगळी. फाँट बदलला की मजकुराचा चिवडा. युनिकोडच्या १९९१च्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला स्वतःच्या जागा मिळाल्या. ‘क’चा क्रमांक ०९१५. एकदा दिलेला क्रमांक पुन्हा हलवायचा नाही, हे युनिकोडचं धोरण आहे. माझ्या प्रश्नपत्रिका त्या धोरणावर तगल्या.

अशी शिस्त एका माणसानेही पाळली आहे. स्टॅनफर्डचे प्राध्यापक डोनाल्ड नूथ यांना आपल्या ग्रंथाची छपाई पसंत पडेना, म्हणून १९७७ साली त्यांनी अक्षरजुळणीचा ‘टेक’ हा प्रोग्राम लिहायला घेतला आणि त्याचा कोड सर्वांसाठी खुला ठेवला. १९९० साली त्यांनी जाहीर केलं की यात आता नवं काही घालायचं नाही, फक्त चुका दुरुस्त करायच्या. दुरुस्ती झाली की आवृत्तीच्या क्रमांकात ‘पाय’चा पुढचा अंक वाढतो. २०२१ साली तो ३.१४१५९२६५३ झाला. चूक दाखवणाऱ्याला ते बक्षीस देतात. गणिताचे असंख्य शोधनिबंध आजही टेकवरच जुळवले जातात.

एखाद्या वस्तूला देखभाल लागत नाही असं आपण म्हणतो, तेव्हा कुणीतरी ती आधीच करून ठेवलेली असते. शिवाय ती उघडायला मालकाची परवानगी लागत नाही. माझी उर्दू खराब झाली नव्हती, ती कुलपात अडकली होती.

आता छापील प्रती समोर ठेवून मी त्या प्रश्नपत्रिका ‘नोटो नस्तालिक उर्दू’ या मुक्त फाँटमध्ये पुन्हा टाइप करतोय. रोज एक पान होतं. माझ्यानंतर येणाऱ्या शिक्षकाला त्या उघडण्यासाठी मला शोधत यावं लागू नये.